मानमोडीतलं पाणी

बोरझरी, मार्गे नागभीड
१० नोव्हेंबर १९८३

वामनराव यांस,
सोमाजीचा नमस्कार.

शाळेत पोरं सुरात कविता म्हणायची तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तीसचाळीस गळे, एकच चाल, आणि ओळ संपली की गुरुजींची छडी टेबलावर ठक्. तुम्ही आत खिडकीशी बसायचा, मी बाहेर पडवीत. पुस्तक तुमचं. ते तुम्ही गजांशी असं तिरपं धरायचा की डावं पान मला दिसावं. म्हणून डाव्या पानावरच्या कविता मी डोळ्यांनी शिकलो आणि उजव्या पानावरच्या नुसत्या कानांनी. पुढे मास्तर झालो, तीच पुस्तकं हातात धरून शिकवली, तरी उजव्या पानाकडे नजर जायला चोरटं वाटायचं.

एवढ्यावरून ओळखलं असेल. बायनाबाईचा सोमा. सत्तावन सालच्या चावडीनंतर आपलं बोलणं बंद आहे. ते मी मोडतो आहे, राग मानू नका.

गिरजाबाईंना ताप आहे. काळजीसारखं काही नाही. दसऱ्यापासून गावात सर्दीतापाची साथ आहे. घरोघर कोणीतरी खोकतं, आठ दिवस अंथरूण धरतं आणि विळा घेऊन धान कापायला निघतं. तुमच्या बहिणीला उठायला थोडा उशीर होतो आहे, वय झालं, एवढंच. काल त्या मला म्हणाल्या:

"सोमाभाऊ, वामनले एक कागद लिवा. ये म्हणू नका. त्याले यायची लाज वाटन. निस्तं 'होय' लिवून धाड म्हणा. पोस्टकार्डावर मावते."

कशाचं 'होय' ते तुम्हाला ठाऊक आहे. पण भद्रावतीला मुलाच्या क्वार्टरात तुमची पत्रं दुसरं कोणी उघडत असेल, तर त्यालाही कळू दे. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत तुमच्या घरी सगळी माणसं पडली होती. माझ्या मायनं आमच्या मोहल्ल्यातून पाणी आणलं. गिरजाबाई ते प्यायल्या, तुम्हीही प्यायलात. दोघं भावंडं त्या पाण्यावर जगलात. सत्तावन साली गिरजाबाईंनी हे भर चावडीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "खोटं आहे. बाटली असेल तर ती एकटी बाटली." आणि त्यांची पेटी तुम्ही ओसरीवरून अंगणात ठेवलीत. त्या दिवसापासून त्या आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. गाव अजून त्यांच्या माघारी 'खोटारडी गिरजा' म्हणतं. कधी माघारी, कधी तोंडावर.

सोबत कोरं पोस्टकार्ड ठेवतो आहे. पत्ता मी लिहून ठेवला आहे. तुम्ही फक्त एक शब्द लिहा.

आपला
सोमाजी


बोरझरी
१९ नोव्हेंबर १९८३

वामनराव,

उत्तर नाही. टपाल उशिरा येतं, हे धरून चाललो आहे. गिरजाबाई मात्र डाकवाल्याची सायकल वाजली की मान उचलतात. माझी सून कांता त्यांना चिडवते, "आत्याबाई, नवऱ्याच्या पत्राची वाट पाहाव तशा पाहून राह्यल्या तुमी." त्या म्हणतात, "नवऱ्यानं कवा लिवलं व माय? तो तर माह्या चौदाव्या वर्षीच गेला. भाऊ तरी जित्ता हाय." मग हसतात, आणि हसण्यातून खोकला सुरू होतो तो पुष्कळ वेळ थांबत नाही.

मी खाटेशी बसून असतो. बसल्या बसल्या साथींच्या लाटा ताडून पाहतो.

लाट हा शब्द मी शाळेत ऐकला. समुद्राच्या कविता किती शिकवल्या, आणि समुद्र काही पाहिला नाही. मुलं विचारायची, "गुरुजी, लाट कशी असते?" मी त्यांना बांधीवर नेऊन उभ्या धानावरून जाणारा वारा दाखवायचो. तीच माझी लाट. आणि धानाचं तुम्हाला मालगुजाराच्या घरात सांगायला नको: कोवळेपणी वारा आला तर धान वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. लोंबी भरल्यावर आला तर लोळतो, मग उठत नाही.

मानमोडीची पहिली लाट आषाढातली. माझा बाप नागभीडला रेल्वेच्या गँगवर होता, तो ताप घेऊन घरी आला आणि चार दिवसांत आमचा अख्खा मोहल्ला आडवा झाला. अंग मोडून यायचं, मान उचलत नसे. आठवड्यानं आम्ही उठलो. पण तेवढ्यात गावानं गाव बांधलं. भुमकानं, गावदेवाच्या पुजाऱ्यानं, चारी शिवेला खिळे ठोकले, मोहाच्या दारूची धार धरली, वेशीला निंबाचं तोरण लावलं आणि गावाभोवती सुताचा धागा फिरवला. आतलं कोणी बाहेर जाणार नाही, बाहेरचं कोणी आत येणार नाही. धागा फिरला तो आमच्या मोहल्ल्याच्या अलीकडून. रोगाच्या देवीचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर ओढत नेला तोही आमच्याच लोकांनी, तापातून उठल्या उठल्या. त्या दिवसांत शाळेच्या आत कविता भरगच्च होती, पडवी मुकी होती. बरा झाल्यावर मी धाग्याच्या बाहेर उभा राहून दुरून ऐकायचो. गाव वाचलं म्हणून नारळ फुटले. त्या वर्षी पाऊस रुसला, पण साथ हटली याचाच आनंद मोठा होता.

पोळ्याला धागा सुटला. दसऱ्याला सोनं द्यायला गावोगावचे पाहुणे आले. दुसरी लाट त्यांच्या बरोबर आली, आणि ती लोंबी भरल्यावरची होती.

मी पुन्हा पडवीत बसू लागलो होतो. मला ती लाट कानांनी कळली. कवितेला भोकं पडू लागली. एखाद्या ओळीचा खालचा सूर नाही, मग कोणाचा चढा सूर नाही. एके दिवशी गुरुजींनी पहिली ओळ सांगितली आणि पुढची कोणी उचललीच नाही. बाहेरून मी एकटा म्हणत राहिलो, मोठ्यानं. गुरुजींनी दाराशी येऊन माझ्याकडे पाहिलं. ओरडतील वाटलं. ते म्हणाले, "म्हण." दुसऱ्या दिवशी तेही आले नाहीत.

आमचा मोहल्ला उभा होता. पहिल्या वाऱ्यानं वाकलो होतो, म्हणून दुसऱ्यानं मोडलो नाही. नागभीडचे डॉक्टरही आता तसंच म्हणतात. तेव्हा आम्हाला काय कळे? एवढंच दिसत होतं की धाग्याच्या आत प्रेतं उचलायला माणूस नाही, आणि जिवंतांना पाणी द्यायला नाही.

तुमच्या अंगणात विहीर होती. तिला माझी माय हात लावू शकत नव्हती. तिनं आमच्या बोडीच्या तळ्यातलं पाणी गाळून नव्या गाडग्यात भरलं आणि तुमच्या ओसरीच्या पायरीखाली उभी राहिली. मी मागे गडवा घेऊन. "मालक, पाणी आणलं जी. प्या. कोणाले सांगणार नाई." तुमच्या वडिलांचे ओठ फाटून काळे झाले होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आईसाहेबांनी नुसता हात हलवला: नको. माय पुन्हा म्हणाली, "जीव गेल्यावर जात घेऊन काय कराल जी?" त्यांनी डोळे मिटून घेतले. माय तिथंच रडायला लागली, हे मला स्वच्छ आठवतं. पाणी हातात आणि बाई रडते आहे.

सहा वर्षांची गिरजा रांगत ओसरीच्या टोकाशी आली. तिनं कोणाला विचारलं नाही. आणि तुम्ही प्यायलात.

तुमचे आईवडील दोन दिवसांच्या अंतरानं गेले. काकांनी गोंदियाहून येऊन तुम्हा दोघांना पदरात घेतलं. तुमचा उरलासुरला धान आमच्या बायांनी कापला. आणि माघ उजाडायच्या आत गावानं ठरवलं की महारपुरा मेला नाही, त्या अर्थी साथ त्यांनीच सोडली.

तिसरी लाट सत्तावनची. चांद्याला दीक्षा घेऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. मेली जनावरं ओढणं सोडलं, देवीचा गाडा ओढणं सोडलं, म्हणून गावानं आमचं वाणसामान आणि पाणी बंद केलं होतं. त्यात फ्लू आला. त्याला मानमोडीची धार नव्हती, पण या वेळी पडलेले आम्ही आणि उभे तुम्ही. चावडीवर ठरलं, पाणी हवं तर मागायला येऊ द्या. गिरजाबाई मागायची वाट न बघता तुमच्या विहिरीचं पाणी गुंडात भरून डोक्यावर घेऊन आल्या, भर उन्हातून, सगळ्या गावासमोरून. त्यावरून चावडी बसली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी होतो तिथं. पायरीच्या खाली. मला कोणी विचारलं नाही.

म्हणून एवढंच विचारतो. तुमच्या वडिलांनी तोंड फिरवलं, त्यांचा तो धर्म होता, ते त्यासाठी मेले. तुम्ही कोणत्या भिंतीकडे तोंड करून आहात?

सोमाजी


२७ नोव्हेंबर १९८३

वामनराव,

पहिल्या पत्रात मी लिहिलं ते खरं नव्हतं. ताप साधा नव्हता. तेव्हाच नागभीडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून मला बाहेर बोलावलं होतं. दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, चांद्याला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. गिरजाबाई म्हणाल्या, "एसटीत बसून मराले काऊन जाऊ? इथी माही खाट हाय." तुम्हाला घाबरवून 'होय' काढून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी ते लपवलं. आता लपवण्यात काही राहिलं नाही.

ही लाटांमधली चौथी म्हणावी, तर तिला लाट तरी कशी म्हणू? सगळं शेत उभं आहे आणि एकच रोप लोळतं आहे. मानमोडीत निदान सगळ्यांचं एकच चाललं होतं. आता रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळतात, मळणीचे बैल फिरतात, आणि ह्या एका खोलीत ते साल पुन्हा आलं आहे.

काल त्यांनी विचारलं, "आला का जी कागद?" कांता चटकन म्हणाली, "आला न आत्याबाई. 'होय' लिवलं हाय." मी दारातच उभा होतो. गिरजाबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "वाच बरं." कांतानं हातात वाण्याच्या पुड्याचा कागद धरला होता, तिला पुढे काही वाचता येईना. गिरजाबाई म्हणाल्या, "पोरी, एका खोटारडीच्या घरात दुसरी नको." आणि तिच्या गालावरून हात फिरवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

भद्रावतीहून नागभीडला गाडी येते. नागभीडहून आपल्या फाट्याला टेम्पो येतात. यायला सांगत नाही. वाट आहे एवढं सांगतो.

संध्याकाळी त्यांनी मला कविता म्हणायला लावली, आपल्या शाळेतली, नदीची. मी म्हटली. त्या म्हणाल्या, "वामन चांगली म्हणे. त्याचा सूर लागे." तुमचं कौतुक आहे हे. पाठवतो आहे.

सोमाजी


बोरझरी
१४ डिसेंबर १९८३

वामन,

खिडकीशी आपण अरेतुरे बोलायचो. पडवी उतरली की मी तुला 'बापू' म्हणायचो, पुढे 'वामनराव'. आज पुन्हा खिडकीशी आलो आहे.

गिरजाबाई गेल्या. पाच तारखेला, सकाळी, धान आणायला बैलगाड्या निघतात त्या वेळेला. शेवटचे दोन दिवस बोलणं नव्हतं. डाकवाल्याची घंटा वाजली की डोळ्यांच्या पापण्या हलायच्या, तेवढंच. मग त्याही हलायच्या थांबल्या, आणि तो सायकलवाला शहाणा माणूस, आमच्या आळीत शिरताना घंटी हातानं दाबून धरू लागला.

गावातून कोणी आलं नाही. चावडीवर त्या दिवशी हजर असलेला एक म्हातारा बांधावर येऊन उभा राहिला, टोपी काढली, आणि गेला. खांदा आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी दिला. कांता पुढे होती. माझ्या सुनेच्या अंगात एवढं बळ आहे हे मला ठाऊक नव्हतं. परवा पुण्यानुमोदनाची सभा झाली. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी आयुष्यभर पोरांपुढे बोललो, आणि मला एक ओळ उचलता आली नाही. आत भोकं पडली आहेत, वामन. चाल आहे, गळे नाहीत.

तू एक शब्द लिहिला नाहीस. पोस्टकार्ड मी दिलं होतं, पत्ता मी लिहिला होता. तुझ्या वडिलांना मी समजू शकतो. तुझा मी विचार करकरून थकलो. तुझं वय शहात्तर. मालगुजारी गेली, शेती गेली, काका गेले, चावडीवरचे पंच गेले. तुला बाटलेला म्हणायला आता उरलंय कोण? तुला एवढी भीती कोणाची होती?

हे पत्र मी टाकणार नाही असं वाटतं. तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. तू प्यायलास हे मी तेव्हाच सांगितलं, पण कसा प्यायलास ही गोष्ट मी गिरजाबाईंना सांगितली नाही, माझ्या मायला सांगितली नाही, आधीच्या पत्रांतही लिहिली नाही. ती तुझी आणि माझी आहे, म्हणून राखली.

त्या दिवशी गिरजा ओसरीवर मायच्या हातच्या गाडग्याला तोंड लावून पीत होती. तू मागच्या दारानं आलास, भिंत धरत धरत, बापाला दिसू नये म्हणून. मी गडवा घेऊन वळसा घालून मागच्या अंगणात आलो होतो. मी गडवा तुझ्यापुढे केला. तू तो घेतला नाहीस. मला वाटलं, तूही नाही म्हणतोस. मग तू खाली उकिडवा बसलास आणि ओंजळ धरलीस. आम्ही धरायचो तशी. तुमच्या दारात, तुमच्या विहिरीशी, मी आणि माझ्या बापानं आणि त्याच्या बापानं धरली तशी, कोपरं जवळ घेऊन, तोंड खाली करून. मी तुझ्यासमोर उभा होतो, हातात गडवा, अकरा वर्षांचा. मी वरून ओतलं. हात इतका थरथरत होता की निम्मं पाणी तुझ्या कोपरांवरून मातीत गेलं. तू ओंजळीतूनच म्हणालास, "आणखी वत."

मला वाटायचं, ज्यानं अशी ओंजळ धरली तो एक दिवस 'होय' म्हणेलच. पासष्ट वर्षं मी त्या भरवशावर होतो. गिरजाबाईंनाही मी तोच भरवसा देत राहिलो. तुला माफ करायला मला काही अडचण नव्हती. तू मागितलंच नाहीस.

कांता हाक मारते आहे. दारात कोणी बाई उभी आहे म्हणते, ओळखीची नाही. थांब.

पुन्हा लिहायला बसलो आहे. बाई आता आत खाटेवर बसली आहे, कांता तिच्यासाठी भात टाकते आहे.

मी आधी ओळखलंच नाही. पांढरं लुगडं, हातात पिशवी, नागभीडवरून टेम्पोत बसून आलेली, धुळीनं भरलेली. कपाळ मोकळं. मग आवाजावरून ओळखलं. तुझी बायको, रुखमाबाई. सत्तावननंतर तिनं आमच्या मोहल्ल्यात पाय ठेवलेला नाही.

"बाई कुठी हायत जी?" तिनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. गिरजाबाईंना विचारत होती. मी काही बोलायच्या आत तिला गिरजाबाईंची रिकामी खाट दिसली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"तेरवी झाली परवा," ती म्हणाली. "बाईची?" मी वेड्यासारखं विचारलं. "त्याइची," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधीच तुझा उजवा हात गेला होता, आणि जीभ जड झाली होती. माझी पत्रं तिनं नातसुनेकडून तुला वाचून दाखवली, तिन्ही. तू डाव्या हातानं खुणा करायचास. मुलगा म्हणाला, असलं कागदावर जायचं नाही, बाबांना भ्रम झाला आहे. तिला स्वतःला लिहिता येत नाही. तू गेलास तो नोव्हेंबरचा शेवटचा दिवस होता. घंटी ऐकून गिरजाबाईंच्या पापण्या हलत होत्या तेव्हा तू नव्हतास, वामन. मी तुला वरती काय काय लिहिलं आहे ते खोडत नाही. खोडून काय होणार?

कांतानं पितळी पेल्यात पाणी आणलं. रुखमाबाईनं पेल्याकडे पाहिलं आणि घेतला नाही. कांताचा चेहरा उतरला. मला वाटलं, चला, अखेर तीही तशीच. तेवढ्यात ती म्हातारी, गुडघे धरत, उंबऱ्याशी उकिडवी बसली. पदर मागे सारला. दोन्ही कोपरं जवळ घेतली आणि ओंजळ धरली.

"पेला नाई जी," ती खाली मान घालून म्हणाली. "वरून वता. जीभ होती तवा त्याइनं एक डाव सांगतलं मले. सोमानं असंच पाजलं म्हणे. बाईले सांगाले आली होती मी."

मी कांताच्या हातून पेला घेतला. वरून ओतलं. निम्मं पाणी तिच्या कोपरांवरून उंबऱ्यावर सांडलं.